सात एचपीचा गॉब्लिन पंधराचा का झाला?

पत्राचा सारांश : जुळे सोलापुरात राहणारा २३ वर्षांचा एक वाचक गेल्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी गच्चीवरच्या खोलीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा साहसखेळ चालवतो. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा) तोच. खेळायला चौघं. इंजिनिअरिंग करणारा मित्र फायटर (लढवय्या) खेळतो, कॉलेजात एकांकिका गाजवलेली मैत्रीण बार्ड (शाहीर), टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघणारा मावसभाऊ विझार्ड (जादूगार) आणि धाकटी बहीण क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण). मित्राला लढाई म्हणजे जीव की प्राण, नियम तोंडपाठ. मैत्रिणीला गोष्ट हवी, संवाद हवेत. मागे सराईच्या मालकाशी तिची घासाघीस पाऊण तास चालली होती. मावसभाऊ फारसं बोलत नाही. लढाई लागली की बहीण मोबाइल उघडते; तिला लढाई आवडत नाही, असं वाचकाला वाटतं. गेल्या खेपेला एक ओगर (धिप्पाड राक्षस) आणि १२ गॉब्लिन (खुजे राक्षस) यांच्याशी तीन वाजता सुरू झालेली लढाई साडेपाचला अर्धवट सोडावी लागली. मावसभावाचा फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) फुसका निघाला, बहिणीला झोप लागली. मैत्रीण गॉब्लिनांच्या म्होरक्याशी बोलायला पुढे झाली, तर मित्राने बाण मारून म्होरक्याला आडवा केला आणि म्हणाला, ‘माझा टर्न होता.’ त्यावरून वाजलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेव्हापासून गप्प आहे. मित्राला जरा वेसण बसावी म्हणून आपण काही आठवडे मॉन्स्टरचे एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा) गुपचूप वाढवतोय, परवा गॉब्लिनांचे सातचे पंधरा केले होते, हेही वाचकाने लिहिलंय. प्रश्न असा : ‘ताई, मित्राला काढू, की लढायाच काढून टाकू, की दोन ग्रुप करू? हे चौघं जमवायला मला वर्ष लागलं.’

डीएमसाहेब,

कोणालाही काढू नकोस. निदान इतक्यात तरी नको. आधी तुझ्या पत्रातली आकडेमोड करू, कारण तुमचं निम्मं भांडण मला तिथेच दिसतंय.

२०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनला ७ एचपी असतात. बारा जणांचे मिळून ८४. तू ते १८० केलेस. म्हणजे ज्याला तलवार चालवायला आवडते त्याला तू दुप्पट वेळा तलवार चालवायला दिलीस, आणि ज्यांना कंटाळा येत होता त्यांना दुप्पट वेळ बसवून ठेवलंस. वेसण कोणाला बसली, सांग बघू?

आता मावसभावाचा फायरबॉल. त्याचं डॅमेज सहा बाजूंच्या आठ फाशांचं, सरासरी २८. सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, जमला तर निम्मं, म्हणजे १४. सात एचपीचा गॉब्लिन सेव्ह जमो न जमो, मरतोच. पंधराचा मात्र सेव्ह जमला की एक एचपी शिल्लक ठेवून उभा राहतो. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे असे स्पेल (मंत्र) मोजकेच असतात. जो मुलगा टेबलावर चार वाक्यंसुद्धा बोलत नाही, त्याचा त्या दिवसातला एकमेव मोठा क्षण तू स्वतःच्या हाताने विझवलास, आणि फुसका ठरला त्याचा फायरबॉल. मित्राचं तर त्याने काहीच बिघडलं नाही.

म्हणून ते एचपी वाढवणं आजपासून बंद. लढाई फारच सोपी पडत असेल तर मॉन्स्टरची संख्या, जागा, हत्यारं बदल. हवं तर पुढच्या खोलीतून कुमक आण. टेबलावरच्या माणसाशी असलेलं भांडण मॉन्स्टरच्या आडून खेळायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि हे मित्राला सांगून टाक असं मी सुचवेन. नियम तोंडपाठ असलेला माणूस मारलेले घाव मनात मोजत असतो. त्याला बहुधा केव्हाच कळलंय.

दुसरं, तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरलीस : लढाई एकीकडे, गोष्ट दुसरीकडे, आणि खरा रोलप्ले करणारे (पात्राच्या तोंडून बोलणारे) लोक दुसऱ्या बाजूला. या खेळाचा जन्म बघितलास तर ही वाटणी टिकत नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापला, तेव्हा त्याच्या मागे मध्ययुगीन सैन्यांच्या युद्धखेळाचे नियम होते. मिनिएचर (छोट्या मूर्ती) मांडायच्या, अंतर मोजायचं, फासे टाकायचे. पण आर्नेसन त्याआधी डेव्हिड वेसली नावाच्या गड्याच्या एका प्रयोगात खेळला होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी वेसलीने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला आणि बऱ्याच खेळाडूंना पलटणींऐवजी गावातली एकेक व्यक्ती दिली. मंडळी लढाईचं विसरून कानाकोपऱ्यात कारस्थानं करत बसली. वेसलीला वाटलं, सगळा विचका झाला. खेळणाऱ्यांनी मात्र ‘पुन्हा कधी?’ म्हणून पिच्छा पुरवला. तेव्हा तुझा मित्र आणि तुझी मैत्रीण, दोघंही या घरात जन्मापासूनच हक्काने राहतात. कोणीच उपरं नाही.

अजून एक गंमत. १९८१ च्या जुन्या बेसिक नियमांत गॉब्लिन मारल्याचे मिळायचे ५ एक्सपी (अनुभवाचे गुण), आणि खजिन्यातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला १ एक्सपी. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, फसवायचा, वाटाघाटी करायचा. लोक कसे खेळतात हे बऱ्याच अंशी डीएम बक्षीस कशाला देतो यावर ठरतं. तू एक्सपी कशाचे देतोस ते पत्रात नाही, पण फक्त मारलेल्या मॉन्स्टरचे देत असशील तर मित्राने बाण मारला यात नवल काय? म्होरक्याशी बोलून रस्ता मोकळा केला तरी तेवढेच एक्सपी, हे एकदा जाहीर करून बघ.

आता बहीण. ती मोबाइल बघते म्हणून तिला लढाई आवडत नाही, असं तू लिहिलंस. रेशनच्या रांगेत उभं राहून पेंगणाऱ्या माणसाला धान्य आवडत नाही असं आपण म्हणतो का? प्रत्येक खेळाडूने टर्नला चार मिनिटं घेतली आणि तू तेरा मॉन्स्टर हलवायला आठ, तर एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) २४ मिनिटांचा होतो. पाच राउंडला दोन तास. त्यात बहिणीच्या वाट्याला वीस मिनिटं. बाकी शंभर मिनिटं तिने भिंतीकडे बघायचं? खेळातल्या जगात एक राउंड सहा सेकंदांचा असतो, म्हणजे तिकडे अर्धं मिनिट सरलं तोवर इकडे बिचारीला झोप लागली. तिचा कंटाळा लढाईचा की थांबून राहण्याचा, हे लढाई वेगाने चालवल्याशिवाय कळणारच नाही.

वेग वाढवायचे उपाय साधे आहेत, पटापट सांगते. सगळ्या गॉब्लिनांचा इनिशिएटिव्ह (कोण आधी खेळणार तो क्रम) एकाच फाशावर टाक. नियमच तसा आहे. त्यांचं डॅमेज फाशाने काढूच नको, मॉन्स्टरच्या माहितीत सरासरी छापलेली असते : गॉब्लिनच्या तलवारीचे ५, ओगरच्या सोट्याचे १३. ॲटॅकचा आणि डॅमेजचा फासा एकदमच टाकायला सगळ्यांना लाव. एकाचा टर्न पुकारताना पुढच्याचंही नाव घे, ‘आता तू, त्यानंतर क्लेरिक’ अशा थाटात, म्हणजे पुढचा माणूस स्पेल शोधायला आधीच लागतो. कोणी फारच अडखळला तर त्याचं कॅरेक्टर त्या राउंडला डॉज करतं, म्हणजे नुसते वार चुकवतं, आणि खेळ पुढे सरकतो. हा शेवटचा नियम सगळ्यांना आधी सांगून, सगळ्यांना सारखा लावायचा. मावसभावापासून तर मुळीच सुरुवात करायची नाही.

कारण त्याचं अडखळणं वेगळं असावं, असा माझा अंदाज आहे. नियमाचं पुस्तक इंग्रजीत, विझार्डचे स्पेल सगळ्यांत लांबलचक, आणि समोर असा मित्र की ज्याला ओळन्‌ओळ पाठ. सोलापूरच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू एका दमात बोलणारी पोरंसुद्धा इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचायची वेळ आली की गप्प होतात. त्याच्यासाठी मराठीत कार्डं कर. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, एका स्पेलला एक : किती लांब जातो, किती जणांना लागतो, कुठला फासा, सेव्ह कशाचा. चार ओळी पुरतात. खेळाच्या मूळ नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे, त्यामुळे मूळ श्रेय दिलं की भाषांतर करून वाटायलाही अडचण नाही. एक सांभाळ : तो हिशोबातला आहे म्हणून सगळ्यांचे एचपी लिहायची वही त्याच्याकडे देशील. देऊ नकोस. आठवडाभर तो तेच करतो, रविवारी तरी त्याला आग लावू दे. वही मित्राकडे दे. इनिशिएटिव्हचा क्रम तोच पुकारेल, नियमात शंका आली की तोच सांगेल. त्याच्या पाठांतराचा टेबलाला उपयोग होऊ दे, म्हणजे ते दुसऱ्यांचे टर्न सुधारण्यात खर्च होणार नाही.

पण खरं सांगू का, नुसता वेग वाढवून भागणार नाही. तुझी लढाई लांबली हे एक, पण ती कशासाठी होती हे मला तुझं पत्र दोनदा वाचूनही कळलं नाही. ओगर आला, गॉब्लिन आले, म्हणून मारामारी. अशा लढाईत एकच गोष्ट ठरायची असते, कोणाचे एचपी आधी संपतात. त्या गोष्टीत रस फक्त मित्रालाच असणार, कारण त्याचं कॅरेक्टर तेवढ्यासाठीच घडवलेलं आहे. बार्डने तिथे करायचं काय?

एक मैदान मांडून दाखवते. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला घे. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला असणार, त्यामुळे नकाशा समजावण्यात वेळ जाणार नाही. दुहेरी तट, बाहेर खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तुझे चौघं रात्री अडकलेत. आतल्या बुरुजावर एक कैदी आहे आणि पहाऱ्यावरच्या गॉब्लिनाने मशाल तीनदा हलवली की पलीकडच्या छावणीतून पन्नास जण येणार. त्या पहारेकऱ्याला वर चढायला चार राउंड लागतील, आणि हे तू खेळाडूंना उघड सांगायचं. लपवायचं नाही. आता बघ काय होतं. पट्टा एवढा अरुंद की एकटा फायटर सहाजणांना थोपवू शकतो. मित्राला हवी ती लढाई मिळाली, आणि त्याने माघार घेतली तर सगळेच बुडाले. गॉब्लिनांतले निम्मे भाडोत्री आहेत, त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकलाय. मैत्रीण आपल्या टर्नला ओरडून विचारू शकते, ‘मालकाने शेवटचे पैसे कधी दिले होते रे?’ आणि तू तिच्याकडून परस्युएशनचा (मन वळवण्याचा) फासा मागायचा. जमलं तर तिघं हत्यार खाली ठेवतात. एवढे तिघं मारायला मित्राला दोन राउंड लागले असते. मावसभावाला मशाल विझवायची आहे, आणि बहिणीला बुरुजावर पोचून कैद्याला हात लावायचा आहे, कारण तो शेवटच्या घटका मोजतोय. चौघांना चार कामं, आणि चारही त्याच सहा सेकंदांत. इथे गोष्ट कुठे संपली आणि लढाई कुठे सुरू झाली ते मला दाखव.

किंवा लढाई गड्ड्याच्या जत्रेसारख्या गर्दीत लाव. पाळणे, दुकानं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि त्यात पळणारा चोर. गड्ड्याच्या गर्दीत फायरबॉल टाकता येत नाही. एवढ्या एका अडचणीने डावपेचवाल्याला नवं कोडं मिळतं आणि बोलक्या माणसाला गर्दी बाजूला करायचं काम.

आणि तुझे गॉब्लिन शेवटचा पडेपर्यंत का लढतात? कोणासाठी? १९८१ च्या त्याच नियमांत मोराल (धीर) नावाचा आकडा असायचा, २ ते १२. बाजूचा पहिला गडी मेला की, आणि निम्मे पडले की, डीएमने दोन फासे टाकायचे; बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की मॉन्स्टर पळतात किंवा शरण येतात. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकातही पर्यायी नियम आहे : म्होरक्या पडला की टोळीने विस्डमचा (शहाणपणाचा) सेव्ह करायचा, १० गाठले नाहीत तर पळायचं. गंमत बघ, मित्राचा बाण म्होरक्याला लागला त्याच क्षणी हा फासा टाकायला हवा होता. कदाचित टोळी तिथेच पांगली असती, लढाई अर्ध्या तासात संपली असती, आणि बाणावर एवढं रामायण झालंही नसतं.

म्हणून ती अर्धवट लढाई पुन्हा इनिशिएटिव्हने सुरू करू नकोस. पुढच्या रविवारी सुरुवातीलाच सांग : म्होरक्या मेल्याचं बघून गॉब्लिन पळाले, ओगर एकटा राहिलाय आणि विचारतोय, ‘आता मला जेवायला कोण घालणार?’ बाकीचं मैत्रिणीवर सोड. मित्राचा बाण वाया गेला नाही, तिचं बोलणंही वाया गेलं नाही.

राहिला तो बाण. नियमाने मित्र बरोबर होता, त्याचाच टर्न होता. टेबलाच्या रीतीने चुकला. पण ती रीत तुम्ही कधी ठरवलीच नव्हती, मग त्याने पाळायची कुठली? पहिल्या रविवारी सेशन झिरो (खेळाआधी रीत ठरवायची बैठक) झालं नसेल तर आता करा, उशीर झालेला नाही. मी दोनच गोष्टी ठरवायला सांगेन. एक, कोणी शत्रूशी बोलायला तोंड उघडलं की डीएम खेळ थांबवून बाकीच्यांना विचारणार, ‘बोलू देताय का?’ ज्याला नको आहे त्याने तिथेच सांगायचं, आणि मग बोलणारी नि मारणारा यांनी आधी आपसात मिटवायचं. दोन, बोलण्याच्या प्रसंगालाही मर्यादा. होय, मैत्रिणीचंही थोडं ऐकवते. सराईत पाऊण तास घासाघीस चालली तेव्हा तुझा मित्र फासे रचत बसला असणार. त्या दिवशी त्याच्या हातात मोबाइल नव्हता एवढाच फरक. प्रसंग रंगला तरी दहाएक मिनिटांनी तू दुसऱ्याकडे वळायचं, ‘ती बोलतेय तोवर तू काय करतोयस?’ असं विचारत.

हे बोलणं ग्रुपवर करू नकोस. तिथे प्रत्येक वाक्याला टाळ्या नाहीतर टोमणे मिळतात. मित्राला एकट्याला भेट, तलावाच्या काठाला नाहीतर चहाच्या टपरीवर, आणि ‘सगळ्यांना तुझा त्रास होतो’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. सगळ्यांच्या वतीने बोललास की तो सगळ्यांशी भांडायला उभा राहील. तुझं तुझं सांग : ‘एचपी मी वाढवत होतो, चुकलं. म्होरक्याला बोलतं करायचं माझ्या मनात होतं, ते राहिलं म्हणून मला वाईट वाटलं. लढाया मी चांगल्या करणार आहे, त्यात तुझी मदत हवीय.’ मग गप्प बस आणि त्याला बोलू दे. कदाचित तो म्हणेल की गोष्टीत मला काय करायचं ते सुचतच नाही, म्हणून मी लढाईची वाट बघतो. नियमांत तरबेज असलेले पुष्कळ खेळाडू संवादाला बिचकतात, कारण तिथे पाठ करायला काही नसतं. तसं असेल तर त्याच्या फायटरला जुन्या पलटणीतला एखादा ओळखीचा सैनिक भेटव. ज्याच्याशी बोलायला कारण आहे, त्याच्याशी माणूस बोलतो.

पत्र वाचणाऱ्या इतर डीएमनाही सांगते, विशेषतः हॉस्टेलवर सहा-सात जणांचं टेबल घेऊन बसणाऱ्यांना : तुमच्याकडे हा प्रश्न खेळाडूंच्या स्वभावाआधी संख्येचा असतो. सातजणांत प्रत्येकाचा वेगळा इनिशिएटिव्ह ठेवलात तर कोणीही पेंगेल. जुन्या पद्धतीने बाजूला एकच फासा टाका, जिंकलेली बाजू सगळी आधी खेळते, आणि आपसात क्रम ठरवते. वेगवान कॅरेक्टरचा फायदा त्यात थोडा कमी होतो. माझ्या मते तो सौदा परवडतो.

दोन ग्रुप करण्याचा पर्याय मी सर्वांत शेवटी ठेवेन, कारण तूच लिहिलंस की चौघं जमवायला वर्ष गेलं. चौघांचे दोन ग्रुप म्हणजे दोन-दोन खेळाडू आणि तुझे दोन रविवार. तरीही एक मर्यादा आखून ठेव. बोलणं झालं, रीत ठरली, लढाया सुधारल्या, आणि त्यानंतरही मित्र मुद्दाम मैत्रिणीचे प्रसंग मोडत राहिला किंवा टेबलावर तिला टोचून बोलला, तर त्याला सरळ सांग की हे टेबल तुझ्यासाठी नाही. आवडीनिवडी जुळत नाहीत हे भांडणाचं कारण नाही; अपमान हे मात्र कारण आहे. आणि नुसतीच आवड वेगळी निघाली तर कॅम्पेनमधून (अनेक रविवार चालणाऱ्या गोष्टीतून) बाहेर पडूनही तो अधूनमधून एखाद्या वन-शॉटला (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला) येऊ शकतो.

वन-शॉटवरून सुचलं. महिन्यातला एक रविवार मित्राला डीएम कर. त्याला हवी तेवढी लढाई त्याने मांडावी, नकाशे काढावेत, ड्रॅगन आणावा. चौघांचे डोळे आपल्याकडे लागलेत आणि एकाचा हात मोबाइलकडे चाललाय, हे पडद्यामागे बसल्यावर जसं दिसतं तसं समजावून सांगता येत नाही. तू त्या दिवशी बहिणीशेजारी खेळाडू म्हणून बस, आणि तुझा टर्न दोन मिनिटांत संपव.